जादाचं चाक

"हेसरु?" टेबलामागच्या पंचानं मला कानडीत विचारलं. नाव काय, एवढंच.

मी तोंड उघडलं, पण त्याआधीच छोटे मालक, आमच्या दुकानाच्या मालकांचा मुलगा, बोलले. "त्याचं नाव कशाला? स्पेअर लिहा, स्पेअर."

टेबलाभोवतीची सगळी माणसं हसली. पंचही हसला आणि त्यानं खरोखरच तसं लिहिलं. माझ्या डोळ्यांदेखत, इंग्रजीत, सात नंबरापुढं. मला तेवढा एक शब्द वाचता येत होता, कारण आमच्या दुकानातल्या एका फळीवर तो रंगवलेला होता. त्या फळीवर जुन्या चेनी, ब्रेकची रबरं आणि वाकडी पेडलं पडलेली असायची.

सायकलींची शर्यत बेंगळुरात, छावणीतल्या बागेभोवतीच्या रस्त्यावर होती. वीस फेऱ्या. छप्पन साली आमचा मुलूख म्हैसूर राज्यात गेला त्यानंतरच्या एक-दोन वर्षांतली ही गोष्ट. मी तेव्हा विशीतला होतो.

स्पेअर म्हणजे काय ते नीट सांगतो. छोट्या मालकांचं चाक पंक्चर झालं की मी उतरायचं, माझं चाक काढून त्यांना द्यायचं आणि त्यांचं बसलेलं चाक मांडीवर घेऊन रस्त्याच्या कडेला बसायचं. तोवर त्यांच्यापुढं राहून वारा अंगावर घ्यायचा, म्हणजे त्यांना हलकं जातं. शेवटच्या फेरीला बाजूला व्हायचं. आदल्या वर्षी हे सगळं मी इमानेइतबारे केलं. ते तिसरे आले. फोटोत ते आहेत, कप आहे, मी बांधलेलं चाक आहे. मी नाही.

हो, चाक मी बांधलेलं होतं. एकेक तार ओवून, फिरवून फिरवून त्याचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढलेला. असं सरळ चाक आमच्या चामराजपेटेत दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं. हे मी तेव्हा बोललो नाही, आता बोलतो.

आम्ही निपाणीकडचे. आबा चामड्याचं काम करायचे. चामराजपेटेतल्या सायकलच्या दुकानात त्यांना काम मिळालं, सीटा शिवायचं, आणि त्यांच्या मागोमाग मला. मालकांना सगळे अण्णा म्हणायचे. अण्णा म्हणजे थोरला भाऊ. त्यांचं घराणं मराठी, पण सात-आठ पिढ्या बेंगळुरात मुरलेलं. "परमुलखात मराठी माणसानं मराठी माणसाला धरून राहावं," असं ते म्हणायचे. घराच्या मागल्या आवारात एक पत्र्याची खोली त्यांनी आम्हाला दिली होती. केवढा आधार वाटला होता आईला! धरून ठेवणं म्हणजे काय, ते तिला नंतर कळलं.

अण्णांच्या घरातून पाणी मिळायचं ते वरून, ओंजळीत. आबांनी शिवलेल्या सीटवर मात्र त्या घरातला प्रत्येक जण बसायचा. चामड्याचा विटाळ नव्हता, हाताचा होता. पहिल्याच दिवशी अण्णांनी मला बजावलं होतं, "दुकानात आडनाव सांगू नकोस. गिऱ्हाईक बिचकतं." माझ्या आडनावातच आमची जात होती. ते पत्र्याखाली ठेवून आम्ही बाहेर पडायचो.

शर्यतीच्या सकाळी आबा म्हणाले, "चाक मागितलं की दे आन् गप बस, लेका. डोस्क्यावरचा पत्रा त्येंचा हाय."

मी मान हलवली. मी नेहमीच मान हलवायचो.

शर्यत सुटली. माझ्या पायांत त्या दिवशी काय आलं होतं ते मलाच ठाऊक. वळणावर बाकीचे ब्रेक लावत आणि मी तसाच निघून जाई. पुढं रस्ता मोकळा दिसे. आत्ता सुटलो तर कुणाच्या हाती लागत नाही, हे मला दर फेरीला कळत होतं. आणि दर फेरीला मागून ओरडा यायचा, "ए, स्वल्प हळू! मी मागं राहतोय!"

मग मी हळू व्हायचो. वारा माझ्या छातीवर, छोटे मालक माझ्या पाठीशी. डाव्या हाताला बाग, उजव्या हाताला गर्दी थोपवायला बांधलेली दोरी, आणि फिरून फिरून तेच टेबल, तोच पंच. घाण्याच्या बैलाच्या डोळ्यांवर निदान झापड असते. मला सगळं दिसत होतं. जोर असून धरून ठेवायचा, यानं माणूस जितका दमतो तितका पळून दमत नाही. मला रडू येत होतं आणि घामात ते कुणाला दिसत नव्हतं.

सतरावी फेरी. मागं फट्कन आवाज झाला. छोट्या मालकांचं पुढचं चाक बसलं.

"ए स्पेअर! चाक!"

मी थांबलो. विचारबिचार काही केला नाही. सवय. सायकल उलटी केली. पुढच्या चाकाला हातानं सुटणारे, दोन कानांचे नट होते. ते मीच बसवले होते, चाक लवकर देता यावं म्हणून. एक नट सोडला. बाकीचे स्वार सपासप बाजूनं निघून गेले. दुसऱ्या नटाला हात घातला आणि समोर पाहिलं.

दोरीपलीकडं आबा होते. शर्यत बघायला ते पहिल्यांदाच आले होते. पायातल्या चपला काढून हातात धरलेल्या. कुणी सांगितलं नव्हतं. छावणीतल्या त्या रस्त्यावर आपण पायात घालून उभं राहू नये, असं त्यांचं त्यांनाच वाटलं असणार. मला उशीर होतोय असं समजून ते दोरीखालून वाकून आत आले, चपला तिथंच टाकून धावत. छोट्या मालकांची सायकल धरायला. धावताना हात जोडलेले, माझ्या वतीनं माफी मागत.

"देतोय, धनी, देतोय! रागावू नका. पोरगं देतंय!"

छोटे मालक हसले. दोरीशी उभ्या असलेल्या मित्रांना ओरडून म्हणाले, "हे बघा, आणखी एक स्पेअर आला!"

मित्र हसले. आणि आबाही हसले. तेच मला सोसलं नाही. त्यांना शब्द कळला नव्हता. मालक हसतायत म्हणून ते हसले.

मी नट उलटा फिरवला. घट्ट केला. मग दुसरा. सायकल सरळ केली.

"काय करतोस? चाक दे!"

"देत नाही."

"चाक कुणाच्या बापाचं आहे?"

"तुमच्या बापाचं आहे. शर्यत संपली की नेऊन ठेवतो."

आबांनी माझं हँडल धरलं. त्यांची ती चामडं ओढून काळी पडलेली बोटं. "लेका, पाया पडतो तुझ्या. पत्रा जाईल." एवढंच म्हणाले. मी त्यांची बोटं एकेक करून सोडवली. हे लिहिताना आजही हात जड होतो. पण सोडवली.

उरलेल्या फेऱ्या मी एकटा मारल्या. सगळे पुढं गेले होते. तरी मी आयुष्यात पहिल्यांदा ब्रेक न लावता सायकल मारली. शेवटून पहिला आलो. तोवर पंच कागद गुंडाळत होता. मी टेबलाशी जाऊन उभा राहिलो.

"मुगीतु, होगप्पा," तो म्हणाला. संपलं, जा.

"नाव लिहायचं राहिलं."

"लिहिलंय की. स्पेअर."

मी नाव सांगितलं. माझं, आबांचं, आणि मग आडनाव. मोठ्यानं. अण्णा टेबलाजवळच उभे होते. आडनाव ऐकून जवळच्या दोघांनी एकमेकांकडं पाहिलं आणि अण्णांनी मान खाली घातली. माझ्या हातचं पाणी टाळताना त्यांनी कधी मान खाली घातली नव्हती. पंचानं तो शब्द खोडला आणि वर माझं नाव लिहिलं. मी ते लिहून होईपर्यंत हललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची भांडी आणि आबांची हत्यारं आवाराबाहेर होती. आईनं भांडी गोळा केली. आबा माझ्याशी बोलायचे थांबले. पुढं मी एका कारखान्यात लागलो, भाड्याची खोली घेतली, वर पत्राच होता. आबा त्या खोलीत शेवटपर्यंत भिंतीकडं तोंड करून निजले. जायच्या आधी एकदाच बोलले. "चाक दिलं आसतंस तर?"

मी त्यांचं पांघरूण नीट केलं. मरणाऱ्या माणसाला काय सांगायचं? पण उत्तर तेव्हाही तयार होतं आणि आजही तेच आहे.

दिलं नसतं, आबा. तुम्ही पुन्हा पाया पडलात तरी देणार नाही.