अण्णाचा तळहात

टीव्ही चोरून कुणी पाहिला, हे अप्पा विचारत नसत. टीव्हीच्या पाठीला हात लावून बघत. ती गरम लागली की आमच्या पाठी शेकून निघायच्या. अप्पा गेले आणि हुबळीच्या बाजारातलं किराणा दुकान, घराच्या किल्ल्या आणि तो तळहात, सगळंच थोरल्या अण्णाकडे आलं.

माझं लग्न उरकायचं त्याने मनावर घेतलं होतं. मला बंगळूरच्या एका कंपनीत नोकरी हवी होती. कंपनीने चाचणी म्हणून एक वेबसाइट बनवायला दिली होती, आणि अण्णाने लॅपटॉपला हात लावायची बंदी केली होती. दुपारी जेवायला आला की तो आधी लॅपटॉपवर तळहात ठेवायचा, मग ताटावर बसायचा.

मीही त्याचीच बहीण. लॅपटॉप स्लीपवर टाकला तर धुगधुगत राहायचा, दिवा लुकलुकायचा, चुगलखोर मेला. शटडाउन केला तर उघडलेलं सगळं मिटायचं आणि उद्या पुन्हा पहिल्यापासून मांडामांड. राहिलं हायबरनेट. सगळा पसारा होता तसा डिस्कमध्ये ठेवून तो गपगार पडायचा. मग मी त्याला शहाबादी फरशीवर ठेवून द्यायची, अण्णा येईपर्यंत थंड. हायबरनेट व्हायला वेळ मात्र लागायचा.

काम पाठवायच्या दिवशी अण्णा जेवणाच्या वेळेआधीच आला. फाटक वाजलं. स्लीप क्षणात झालं असतं, पण मग बॅटरी काढली की सगळं गेलं. आणि हाताला गरम लागला की तो आधी बॅटरीच उपसणार, हे मला ठाऊक होतं. मी हायबरनेट दाबलं आणि दारात आडवी उभी राहिले.

त्याने वेणी धरून मला बाजूला ओढलं आणि तळहात टेकवला. दिवा तेवढ्यात विझला होता.

"गरम है की गं हे."

"आज संध्याकाळी पाठवायचंय, अण्णा. एवढं होऊ दे."

"सुम्मनिरु," म्हणाला, आणि मला गप्प करायला थोबाडीत दिली. ओठ फुटला. बॅटरी उपसून त्याने भिंतीवर भिरकावली. दाराला टेकण म्हणून दुकानातलं जुनं लोखंडी वजन असायचं, ते उचललं. पहिला घाव स्क्रीनवर बसला. दुसऱ्याच्या आड मी उजवा हात घातला. बोट मोडल्याचा आवाज आधी आला, कळ नंतर. मी त्याच्या मनगटाला चावले. तोंडात रक्ताची चव आली, आणि खरं सांगते, बरं वाटलं. आईने भरली घागर आमच्या अंगावर ओतली, तेव्हा कुठे आम्ही सुटलो.

रिक्षात आई म्हणाली, "आधी हाड बसवून घेऊ."

"आधी गोकुळ रोड," मांडीवरचा फुटका लॅपटॉप सावरत मी म्हणाले.

तिथल्या दुरुस्तीवाल्याने दुसरी बॅटरी घातली, बाहेरचा मॉनिटर जोडला आणि बटण दाबलं. ज्या ओळीवर मी थांबले होते, तीच ओळ समोर आली. आईने माझा उजवा हात मांडीवर धरून ठेवला आणि मी डाव्या हाताने उरलेलं काम पुरं करून पाठवलं. नोकरी लागली.

बोट अजून वाकडं आहे. अण्णाच्या मनगटावर माझ्या दातांचा वण आहे. दर वर्षी बंगळूरहून येऊन मी त्याला राखी बांधते. गाठ नेमकी त्या वणावर मारते, घट्ट. सैल कर, असं तो अजून एकदाही म्हणालेला नाही.