जहाजावरच्या धोतराची खरी हकीकत

माझ्याविषयीची एक गोष्ट गेले वर्षभर जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांत फिरते आहे. मी मुलाबरोबर जहाजाच्या सहलीला गेलो असता, धोतर नेसलो म्हणून तिथल्या लोकांनी मला जेवणाच्या दालनात शिरू दिले नाही, अशी ती गोष्ट. यावलला पोहोचेपर्यंत तिच्यात एका गोऱ्या अधिकाऱ्याने माझा दंड धरला होता. साक्रीला पोहोचली तेव्हा मी त्या अधिकाऱ्याला इंग्रजीत असे काही सुनावले होते की खुद्द कप्तान येऊन माफी मागून गेला. चोपड्याच्या एका विहीणबाईंनी तर मला माझ्या तोंडावर सांगितले की त्या रात्री मी निषेध म्हणून उपाशी राहिलो. मी उपाशी राहिलो नाही. मी दहीभात खाल्ला, आणि तो बरा होता.

धुळ्याच्या न्यायालयात मी उभे आयुष्य वकिली केली. ऐकीव माहितीला पुरावा म्हणत नाहीत, एवढे मला कळते. या प्रकरणाचा प्रत्यक्षदर्शी मी आहे. आश्चर्य याचे की साऱ्या खानदेशात आजवर कोणीही मला, काय घडले, असे विचारलेले नाही. जो तो मलाच माझी हकीकत सांगतो.

पोशाखाच्या नियमांना माझा विरोध होता, असा एक समज या गोष्टीबरोबर पसरला आहे. तो आधी खोडून काढतो. मे महिन्यात, जेव्हा धुळ्याच्या रस्त्यावर डांबर चपलेला चिकटते, तेव्हा मी पांढरे धोतर, त्यावर काळा कोट आणि गळ्याला पांढरी पट्टी अशा वेषात बाररूमपासून न्यायासनापर्यंत चालत गेलेलो आहे. उन्हाळ्यात कोटाची सवलत मिळे, तेव्हाही मी ती घेतली नाही. धोतरावर कोट आमच्या नियमात बसत होता. ज्या तरुण वकिलांना ते ठाऊक नव्हते, त्यांना मी नियम उघडून दाखवला. समोरचा पक्षकार जमीन हरणार असतो, कोणाचा मुलगा तुरुंगात जाणार असतो. अशा माणसापुढे आपण नीट कपड्यांत उभे राहिलो, तर त्याचे दुःख आपण गंभीरपणे घेतले, असा त्याचा अर्थ होतो. ताटावर बसलेल्या माणसांचेही तसेच आहे. आमच्याकडे मृताच्या गंधमुक्तीच्या विधीला कोणी बोडक्या डोक्याने आला, तर शेजारचा माणूस न बोलता स्वतःचा रुमाल त्याच्या डोक्यावर टाकतो. त्याला कोणी पारतंत्र्य म्हणत नाही.

माझ्या सकाळच्या फिरण्यातले एक निवृत्त प्राध्यापक म्हणतात की सुट्टीच्या जहाजावर कोट-टाय सक्तीचे करणे ही साहेबाची उरलेली खोड आहे, माणसाने पैसे मोजले की त्याने हव्या त्या कपड्यात जेवावे. मी त्यांना विचारले, तुमच्या मुलीच्या लग्नात व्याही अर्ध्या चड्डीत पंगतीला बसले असते, तर तुम्ही आग्रह करून जिलबी वाढली असती का? ते म्हणाले, तो विषय वेगळा. नियम आपल्याला सोयीचा नसला की विषय नेहमीच वेगळा होतो.

आता मूळ प्रसंग. माझा मुलगा जळगावात ठिबकच्या नळ्यांचा व्यापार करतो. पत्नी गेल्यावर मी धुळ्याचे घर बंद करून त्याच्याकडे राहायला आलो. गेल्या वर्षी त्याने आणि त्याच्या व्यापारातल्या मित्रांनी सिंगापूरहून निघणाऱ्या जहाजाची सहल ठरवली. आबांना घरी एकटे ठेवायचे नाही, असे सूनबाईंनी बजावले, म्हणून मीही निघालो. जाण्यापूर्वी सगळ्या पुरुषांनी एकाच शिंप्याकडे गडद निळे ब्लेझर शिवायला टाकले. मी वर्तमानपत्र वाचत बसलो असताना मुलाने त्या शिंप्याला घरी आणून माझेही माप घेतले. मी सांगितले की माझ्याजवळ पोशाख आहे. ‘असू द्या, आबा, लागला तर,’ तो म्हणाला.

माझा पोशाख मी स्वतः तयार केला. धोतराला घरी खळ दिली, लांब पांढरा कोट परटाकडे दोनदा पाठवला, टोपीची घडी वर्तमानपत्रात नीट बसवली. ही तयारी मी कोणाला डिवचण्यासाठी केली नव्हती. समुद्रावर, परक्या लोकांच्या पंगतीत बसायचे होते, आणि त्यांनी चांगल्या कपड्यांत या असे सांगितले होते. माझ्याजवळचे सर्वांत चांगले कपडे हेच होते.

जहाजावर चढल्या दिवशीच सूनबाईंनी तिथला नियम आम्हा सर्वांना मोठ्याने वाचून दाखवला. तिसऱ्या संध्याकाळी खालच्या मोठ्या दालनात भोजन; पोशाख औपचारिक, अथवा ज्याच्या त्याच्या देशाचा पारंपरिक. ‘म्हणजे आबांचं काम झालं,’ असे त्या हसून म्हणाल्या. मुलगा त्याच खोलीत होता, त्याने ते ऐकले होते. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा.

त्या संध्याकाळी मी तयार होऊन एकटाच खाली गेलो. बाकीचे फोटो काढण्यात गुंतले होते. दालनाच्या तोंडाशी जाड मखमली पडदा होता आणि तिथे एक बुटका, चष्मा लावलेला माणूस उभा होता. कोणत्या देशाचा, ते मला सांगता येणार नाही. त्याने माझ्याकडे चपलांपासून टोपीपर्यंत एकवार पाहिले. मी न्यायालयात पुष्कळ नजरा पाहिल्या आहेत. ही तपासणीची नजर होती, तुच्छतेची नव्हती. मग त्याने छातीवर हात ठेवला, मान लववली, ‘वेलकम, सर’ म्हटले आणि पडदा बाजूला केला.

मी आत पाऊल टाकणार, एवढ्यात मागून माझा दंड धरला गेला. यावलच्या गोष्टीत दंड धरला आहे तो खरा. धरणारा तेवढा बदलला.

‘आबा, इथे नको,’ माझा मुलगा म्हणाला. ‘वर चला. इथे हे चालत नाही.’

‘कोणाला चालत नाही?’ मी विचारले.

‘आबा, लोक बघताहेत. चला ना.’

लोक बघत होते, हे खरे आहे. त्याचे मित्र जिन्यावर येऊन उभे होते, सगळे निळ्या ब्लेझरमध्ये, एखाद्या बँडपथकासारखे. मी वाद घालू शकलो असतो. वाद घालणे हा माझा धंदा होता. पण परक्या माणसासमोर बापलेकांनी भांडू नये, असे मला वाटले आणि मी वळलो. लिफ्टचे दार बंद होईपर्यंत तो चष्मेवाला माणूस पडदा तसाच धरून उभा होता. त्याला वाटले असावे की आम्ही काहीतरी विसरलो आहोत आणि परत येऊ.

वरच्या मजल्यावरच्या उपाहारगृहात कोणताच नियम नव्हता. माझ्या शेजारी पोहून आलेला एक गृहस्थ अर्ध्या चड्डीत, ओल्या केसांनी शेवया खात होता. खळ दिलेल्या धोतरात मी त्याच्याजवळ बसून दहीभात खाल्ला. मुलगा मला बसवून खाली निघून गेला, कारण त्याची जागा राखलेली होती.

गोष्ट जन्माला आली ती जळगावला परतल्यावर. मुलाच्या मित्रांपैकी एकजण घरी फोटो घेऊन आला आणि त्याने सहज विचारले की जेवणाच्या फोटोत आबा कसे नाहीत. मी तिथेच झोपाळ्यावर होतो. मुलाने माझ्याकडे पाहिले नाही. तो म्हणाला की तिथल्या लोकांनी धोतर पाहून आत सोडले नाही. पाहुण्यांसमोर मुलाला खोटे पाडायचे नाही, म्हणून मी गप्प बसलो. पाहुणा फार तळमळला. त्याने ती तळमळ रात्रीतून साऱ्या समाजाच्या मोबाइलवर पाठवली.

तेव्हापासून त्या चष्मेवाल्या माणसावर इकडे रोज ठपका ठेवला जातो. उद्धट, माजोरडा, गोऱ्यांचा हुजऱ्या, असे सगळे मी ऐकले आहे. त्याची बाजू मांडायला खानदेशात माझ्याशिवाय कोणी नाही, आणि मी वर्षभर मांडली नाही.

मांडण्याची वेळ आली ती धुळ्यात. समाजाच्या मंडळाने माझा सत्कार ठरवला. धोतराचा मान राखणारे ज्येष्ठ विधिज्ञ, असे त्यांनी फलकावर छापले. मी घरात मुलाला एवढेच विचारले की या फलकावरचा मजकूर खरा आहे का. तो म्हणाला, ‘आबा, लोक प्रेमानं करताहेत. एक दिवसाचा प्रश्न आहे.’ माझ्यापुढचा प्रश्न एका दिवसाचा नव्हता. त्या व्यासपीठावर शाल घेतली असती, तर ती खोटी साक्ष माझ्या सहीची झाली असती. आणि खरे बोललो असतो, तर भरल्या सभेत मुलाचे तोंड काळे झाले असते.

सत्काराच्या दिवशी मी कपाटातून तो निळा ब्लेझर काढला. पँट त्याच्याबरोबरच शिवलेली होती. टोपी घातली नाही. आरशात मी विम्याच्या एजंटासारखा दिसत होतो. मुलगा गाडीजवळ उभा होता; त्याने पाहिले आणि माझ्या बाजूचे दार उघडले. धुळ्यापर्यंत आम्ही दोघेही रस्ता पाहत होतो.

मंगल कार्यालयाच्या दारात मंडळाचे अध्यक्ष हार घेऊन उभे होते. आतून भाजलेल्या बट्टीचा वास येत होता. माझ्याकडे पाहून त्यांचा हाराचा हात खाली आला.

‘आबा, धोतर कोठे शे?’

‘घरी आहे,’ मी म्हणालो.

‘मंग हाई काय? बठ्ठा लोके धोतर देखाले येल शेत. फोटोवाला येल शे.’ म्हणजे सारे लोक धोतर पाहायला आले होते, फोटोवालासुद्धा.

त्यांनी मला आत घेतले नाही. मोठ्या मायेने घेतले नाही. दारातच एक खुर्ची आणून तीवर बसवले, पाणी दिले आणि कोणाला तरी बाजारातून धोतरजोडी आणायला पिटाळले. जहाजावर नियम आधी सांगितला होता आणि त्यात मी बसत होतो. माझ्या माणसांचा नियम कोणी सांगितला नव्हता, आणि त्यात मी दोन्ही वेळा बसलो नाही.

मुलगा माझ्यापाशी वाकला. ‘आबा, नेसून घ्या ना. मागच्या खोलीत जागा आहे.’

‘त्या दिवशी नेसलो होतो,’ मी म्हणालो, नेहमीच्या आवाजात, म्हणजे न्यायालयातल्या. ‘दारावरच्या माणसाने पडदा उघडला होता. दंड तू धरलास.’

अध्यक्षांनी ते ऐकले. हारवाल्या दोघांनी ऐकले. अध्यक्ष हसले. ‘आबानी वकिली काही गयी नही,’ ते म्हणाले, आणि हारवालेही हसले. माझ्या मुलाने त्यांच्याकडे पाहिले आणि तोही हसला. आयुष्यात मी अनेक खटले हरलो आहे. खरी साक्ष विनोद म्हणून फेटाळली गेल्याचे हे पहिलेच उदाहरण.

धोतरजोडी येण्यापूर्वी मी उठलो आणि गाडीत जाऊन बसलो. सत्कार माझ्याशिवाय झाला. शाल माझ्या वतीने कोणीतरी घेतली असे कळते. मुलगा थोड्या वेळाने आला आणि त्याने गाडी सुरू केली.

पारोळा मागे टाकल्यावर तो बोलला. ‘आबा, मला तुमची लाज वाटली नव्हती. मला भीती वाटली, तो तुम्हाला अडवेल. मित्रांसमोर कोणी तुम्हाला अडवलेलं मला बघवलं नसतं. म्हणून मीच आधी आलो.’

‘पडदा उघडलेला तुला दिसला नाही?’

‘दिसला,’ तो म्हणाला. एक ट्रक ओलांडून झाल्यावर म्हणाला, ‘तोवर हात धरून झाला होता.’

हे त्याचे म्हणणे मी इथे पूर्ण दिले आहे, कारण प्रतिवादीचे म्हणणे गाळणे मला पटत नाही. ते मला मान्य मात्र नाही. परक्याने आपल्या बापाचा अपमान करू नये म्हणून तो आपणच आधी करून ठेवणे, याला काळजी म्हणता येत नाही. आणि हात धरून झाला होता, तर तो सोडता येत होता. मी त्याला तसे सांगितले. लोकांना खरे काय ते सांगू का, असे त्याने विचारले. मी म्हणालो, ‘साक्ष तुझी आहे. मी शिकवणार नाही.’

परवा यावलला एका लग्नात आम्ही शेजारीशेजारी बसलो होतो. मी धोतर नेसलो होतो, टोपी होती, कोट होता. पुढच्या रांगेतल्या एका केळीच्या बागाईतदाराने मागे वळून मुलाला विचारले, काय हो, ते जहाजवाल्यांनी आबांना अडवले होते ते खरे का?

मुलगा ताटातला पापड मोडत राहिला. मी वाट पाहिली.

‘जाऊ द्या भाऊ,’ तो म्हणाला, ‘जुनं झालं ते.’

बागाईतदाराने मान हलवली आणि जहाजवाल्यांना एक शिवी घातली. माझ्या मुलाने ती त्यांना खाऊ दिली.