राखणदाराच्या द्रोणातली अर्धी

भातकापणी झाली की आमच्या वाडीत रानाच्या राखणदाराला दारू देतात. द्रोणातली अर्धी त्याच्या दगडावर ओतायची, उरलेली ओतणाऱ्याने सगळ्यांसमोर प्यायची. हा मान आमच्या घराकडे आहे. वीस वर्षं मी तो निभावला. आणि खरं सांगायचं तर वर्षाचे बाकीचे दिवसही राखणदाराला न विचारता निभावला.

गेल्या वर्षी पावसाळ्यात पाय सुजले. चिखलात उभं राहून सुजतात, असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. मीही तेच म्हटलं आणि कोकमाचं तेल चोळत बसलो. मग कापणी उरकल्यावर चढावर धाप लागू लागली, आडवं झालं की श्वास कोंडायचा. बायकोने मला रामनगरच्या बसमध्ये कोंबलं आणि तिथून थेट बेळगावला नेलं.

डॉक्टरीणबाईंनी छातीवर यंत्र फिरवून पडद्यावर माझं हृदय दाखवलं. सैल पडलेल्या पिशवीसारखं ते कसंबसं हलत होतं.

"सूज चिखलाची नाही. वर्षानुवर्षांच्या दारूनं हृदय कमजोर झालंय."

"थोडी थोडी चालंल?"

"एक थेंब नाही. सोडलीत तर सुधारायला जागा आहे."

मला भयंकर राग आला. रानात उभा जन्म काढलेला माणूस मी, आणि बाटलीने माझी पिशवी करावी?

सोडताना हात थरथरायला लागले, म्हणून आठवडाभर त्यांनी दवाखान्यातच ठेवून घेतलं. मग गोळ्या, बेताचं पाणी, कमी मीठ, सुकी मासळी बंद. रोज सकाळी काट्यावर उभं राहायचं. एक-दोन दिवसांत वजन चढलं तर अंगात पाणी साठतंय, लगेच फोन करायचा. आता मी चढ चढतो, सावकाश का होईना.

यंदा कापणी झाल्यावर थोरले काका म्हणाले, "तू घोट घेतला न्हाईस तर राखणदार रुसंल. मान दुसऱ्याला दे."

मान सोडायचा नव्हता आणि प्यायचीही नव्हती. सगळी वाडी बघत होती. वासानेच तोंडाला पाणी सुटलं, आणि मी माझ्याच हाताला घाबरलो. द्रोण उचलला आणि सगळाच्या सगळा दगडावर उपडा केला.

"माझी अर्धीबी त्यालाच, काका. रुसला तर माझ्यावर रुसू दे."

काका ओल्या दगडाकडे बघत राहिले. "आणि फुडल्या वर्षी?"

"फुडल्या वर्षीबी हितं मीच उभा असनार."