उलटं बटण

आमच्या सासूबाईंनी स्वयंपाकघर माझ्या हाती दिलं, तिजोरीची किल्ली ह्यांच्या हाती दिली. स्वतःकडे एकच काम ठेवलं, घरातले दिवे पालवायचं. पालवायचं म्हणजे विझवायचं, आमच्या पेडण्याकडे तसंच म्हणतात. वीज येण्याआधी निम्मं आयुष्य त्यांनी रॉकेलच्या दिव्यावर काढलेलं. तेव्हा दिवसाउजेडी बल्ब दिसला की जीव कासावीस व्हायचा त्यांचा.

"कित्याक गो जळता तो? भिंतीक वाचूंक येता?"

आम्ही हसायचो. पण बिल कमी यायचं ते त्यांच्यामुळेच, खोटं कशाला बोलू?

गोवा राज्य झालं त्या सुमाराची गोष्ट. कोठीच्या खोलीतलं बटण बिघडलं. आमच्या ह्यांनी वायरमन न बोलावता स्वतःच नवं बसवलं, ते बसलं उलटं. खाली केलं की बंद, वर केलं की चालू. "चलता गो," म्हणाले. आणि चाललंही. आम्ही बटण कुठे बघतो? बल्बकडेच बघतो ना.

पुढचं बिल भलतंच चढून आलं आणि घरात भांडण पेटलं. हे मुलांवर ओरडले, मग माझ्यावर. सासूबाई तर सगळ्यांवरच. "हांव दिसाक धा फावट पालयता, आनी तुमी परत पेटयतात!" दहा वेळा विझवते, तरी आम्ही लावतो म्हणे.

एका दुपारी तांदूळ काढायला म्हणून मी कोठीकडे गेले. आत अंधार होता. सासूबाई माझ्यापुढे होत्या. भिंत चाचपत त्यांनी बटण शोधलं, ते खाली आहे असं बोटांना लागताच "मेल्यांनी परत पेटयलो" असं पुटपुटल्या आणि वर केलं. बल्ब भक्कन पेटला, अगदी त्यांच्या तोंडासमोर. त्यांची पापणीसुद्धा हलली नाही. समाधानाने हात पदराला पुसला आणि निघाल्या.

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. कधीपासून दिसत नव्हतं त्यांना? पावलं पाठ, भांडी पाठ, आवाजावरून माणसं पाठ. आम्हाला वाटायचं, म्हातारी काय तुरतुर चालते!

म्हापशाच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही म्हणाले. येताना बसमध्ये त्यांनी माझा हात धरून ठेवला होता.

ह्यांनी त्याच संध्याकाळी बटण सरळ केलं. आईजवळ बसून म्हणाले, "आई, आता बरोबर आसा. वर केलो की पालवता. तूच बघ पयलींसारखें."

"नाका पुता," त्या म्हणाल्या. "जो दिवो माका दिसना, तो हांव कसो पालवूं?"

आम्ही पुष्कळ सांगितलं, मुलांनी लाडीगोडी लावली. पण परत कुठल्या बटणाला त्यांनी हात लावला नाही. तिन्हीसांजेला वसरीवर बसून राहायच्या, हात मांडीवर उताणे टाकून.

नंतरचं बिल बरंच कमी आलं. ह्यांनी ते वाचलं आणि कुणाला न दाखवता घडी करून ठेवून दिलं.