शिऱ्याच्या यादीतला रकाना

मँचेस्टरच्या एका प्राथमिक शाळेचं किचन मी बारा वर्षं चालवते. रविवारी शाळेचा हॉल भाड्याने मिळतो, म्हणून आमच्या मराठी मंडळाचा पाडवा तिथेच होतो. किचनची चावी माझ्याकडे असल्यामुळे सत्यनारायणाचा प्रसाद आणि जेवणही माझ्याकडेच असतं. कोणी काय करायचं याची यादी मी करते आणि ग्रुपवर पाठवते.

त्या यादीत नाव, काम, वेळ आणि शेवटी एक रकाना असायचा: ‘चालेल ना?’ बायकांनी आदल्या दिवशी तिथे हो किंवा नाही लिहायचं. पुरुषांच्या नावापुढची चौकट मी करड्या रंगाने भरून टाकायचे. एका वर्षी तिघी जणी ऐन सकाळी ‘मला चालणार नाही’ म्हणून बाहेर जाऊन बसल्या आणि दीडशे माणसांच्या पुऱ्या मी एकटीने लाटल्या. आधी कळलं तर बदली माणूस लावता येतो, एवढाच हिशेब करून मी तो रकाना घातला. त्यापुढे डोकं चालवलं नाही.

गेल्या पाडव्याला हॉलच्या एका टोकाला पूजा होती आणि दुसऱ्या टोकाला सॅनिटरी पॅडची खोकी. मराठवाड्यातल्या मुलींच्या एका वसतिगृहाला ती जायची होती. सोबत शिलाई मशीनही पाठवणार होतो, म्हणजे मुली पुढे पॅड शिवायला शिकतील आणि कमावतील. कल्पना आमच्या अध्यक्षबाईंची. त्यांचं सकाळचं भाषण चांगलं झालं. पाळीची लाज कशाची, मुलीला तिच्या पायावर उभं राहता आलं पाहिजे, वगैरे. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

किचनमध्ये माझ्या हाताखाली मंडळातलीच एक मुलगी होती. वय सतरा, जन्म इथलाच, कॉलेजात कॅटरिंगचा कोर्स करणारी. मोठ्या प्रमाणावर रांधून वाढण्याची तिची परीक्षा त्या दिवशी होती. दुपारी एक वाजता तिच्या शिक्षिका बघायला येणार होत्या. पास झाली तर जूनपासून एका हॉटेलात अप्रेंटिस म्हणून जागा पक्की, नाहीतर सगळं वर्षभर पुढे. ती सात वाजता येऊन कामाला लागली होती. सव्वा म्हणजे किती ते मला विचारून घेतलं आणि वहीत लिहिलं: बाराशे पन्नास ग्रॅम. मग रवा, तूप, साखर तोलून घेतली. रवा इतका सुंदर भाजला की मी तिथे उगाच बघत उभी राहिले.

अकराच्या सुमारास ती हॉलमध्ये गेली, एका खोक्यातून पॅडचं पाकीट काढलं आणि बाथरूमकडे निघाली. खोक्यांपाशी अध्यक्षबाई होत्या. त्यांनी कशाला म्हणून विचारलं. तिने सरळ सांगितलं.

पाच मिनिटांत त्या किचनच्या दारात हजर. आत मात्र आल्या नाहीत. दारातूनच मला म्हणाल्या, शिरा टाकून दे, दुसरा कर, नैवेद्य अजून दाखवायचाय. मुलीला खोकी भरायला बसवते, तीही सेवाच आहे.

मुलीची आई मागोमाग आली. तिने लेकीला दबक्या आवाजात विचारलं, “सांगायची काय गरज होती?”

“त्यांनी विचारलं,” मुलगी म्हणाली. हात धुवून ती पुन्हा पातेल्यापाशी आली होती, पण उलथनं उचलत नव्हती. माझ्याकडे बघत होती. घड्याळाकडेही.

मी अध्यक्षबाईंना म्हटलं, “ताई, या किचनचा नियम असा आहे की उलटी-जुलाब झालेल्या माणसाने अठ्ठेचाळीस तास आत यायचं नाही. बाकी कुणाला मी बाहेर काढत नाही.”

“अगं, नियम तुझाच तर आहे,” त्या शांतपणे म्हणाल्या. “दरवर्षी तूच विचारतेस की.”

त्यांनी फ्रिजच्या दाराकडे बोट केलं. तिथे माझी यादी लावलेली होती, करड्या चौकटींसकट.

कचऱ्याचे डबे, तुंबलेली गटारं, मुलांच्या ओकाऱ्या, सगळं मी न कुरकुरता साफ करते. त्या कागदाची मात्र मला शिसारी आली. तो मी काढला, चार घड्या केल्या आणि बिनमध्ये टाकला. मुलीला म्हटलं, बेदाणे राहिलेत, घाल.

अध्यक्षबाईंनी देवाला केळी आणि साखर दाखवली. शिरा जेवणात गोड म्हणून गेला. बहुतेकांना काही माहीत नव्हतं, त्यांनी दोनदा मागून घेतला. ज्या सात-आठ जणींना माहीत होतं त्यांनी ताटावर हात आडवा धरला आणि एकमेकींकडे पाहिलं. यांतल्या चौघींनी सकाळी खोकी भरली होती. मुलीच्या आईनेही घेतला नाही. ते पाहून माझं जेवण तिथेच संपलं.

वाढणं चालू असतानाच, एकला, शिक्षिका आल्या. शिऱ्याचं तापमान पाहिलं, मुलीची वही पाहिली, केळं का घालतात ते तिला विचारलं, दोन घास खाल्ले आणि सही केली.

सगळे घरी जाण्याआधी खोक्यांसमोर मंडळाचा फोटो होता. अध्यक्षबाईंचा निरोप आला, मंडळाच्या तरुण मुली पुढच्या रांगेत हव्यात, तिलाही पाठव. मुलीने एप्रन काढला नाही. “पातेलं घासायचंय,” म्हणाली आणि निरोप घेऊन आलेल्या काकांकडे पाठ केली.

आम्ही दोघी सिंकपाशी होतो. तळाला लागलेली खरपुडी ती तारेच्या घासणीने खरवडत होती. मान वर न करता तिने विचारलं, “मावशी, ते कॉलम तुम्ही बनवलं होतं?”

“हो.”

“मी पण दोन वर्षं त्यात ‘हो’ लिहिलं. एकदा खोटं लिहिलं.”

मी तिला सॉरी म्हटलं. ती ठीक आहे म्हणाली नाही. पातेलं उलटं करून तिने पाणी निथळू दिलं आणि पुढचं घेतलं.

तिने फोडलेलं पाकीट खोक्यात परत घ्यायला कुणी तयार नव्हतं. ते माझ्या किचनच्या पहिल्या ड्रॉवरमध्ये आहे, कापलं तर लावायच्या निळ्या पट्ट्यांशेजारी. माझ्या हाताखाली सहा बायका काम करतात. पट्ट्या मी बारा वर्षं न चुकता भरत आले. पाकिटं आता भरते.