एकाच बाणाचं इथेनॉल

कोचिंग क्लासच्या स्टाफरूममध्ये किस्से शोधावे लागत नाहीत, नुसतं खुर्चीत बसून राहायचं. नागपुरात सदरमधल्या आमच्या क्लासात मी नऊ वर्षं केमिस्ट्री शिकवली. इथिलीन वायू आणि पाण्याची वाफ मिळून इथेनॉल होतं, त्या एका साध्या रिअ‍ॅक्शनवरून मी जे जे ऐकून घेतलंय, ते शत्रूच्याही वाट्याला येऊ नये!

आमचे डायरेक्टर गावंडे सर. आधी गांधीबागेत साड्यांचा ठोक धंदा. केमिस्ट्रीशी संबंध म्हणजे कपाटातल्या डांबराच्या गोळ्या. पण त्यांनी तपासल्याशिवाय नोट्स छापायला जात नसत.

*

पहिल्याच वर्षी नोट्स आल्या तर रिअ‍ॅक्शनमधल्या दोन उलटसुलट बाणांपैकी एक गायब! मी तडक केबिनमध्ये.

"सर, इथेनॉल एकीकडे बनतं, एकीकडे मोडतं. दोन्हीचा वेग सारखा झाला की समतोल. आख्खा चॅप्टर त्या दुसऱ्या बाणावर उभा आहे!"

"मीच काढला तो," गावंडे सर शांतपणे म्हणाले. "नोट्स पालक पाहतात. वापस जाणारा बाण चांगला दिसते का?"

*

कारखान्यात एका फेरीत जेमतेम पाच टक्के इथिलीनचं इथेनॉल होतं. उरलेलं पुन्हा पुन्हा आत सोडतात. हे वाचून सरांना घामच फुटला.

"पाच टक्के? आपल्या क्लासच्या नोट्समंदी? नव्वद करा!"

"सर, हा निसर्गाचा नियम आहे."

"मग खाली बारीक अक्षरात टाका, अटी लागू!"

*

एकदा एक पालक तणतणत आले. "माह्या पोराले तुम्ही दारू बनवणं शिकवून राहिले का?"

ते गेल्यावर मला फर्मान. "सर, इथेनॉलच्या जागी मिथेनॉल लिहा. नाव सोज्वळ वाटते."

"सर, ते प्यायलं तर माणूस आंधळा होतो, मरतो!"

"मग तर कोणी पिणारच नाही!"

*

मे महिन्यात वर्गातले दोन्ही कूलर बंद पडले. नागपूरचा मे! पोरं वह्यांनी वारा घेत होती. मी तक्रार केली, तर सर म्हणाले, "गरमीत रिअ‍ॅक्शन जोरात होते, हे तुम्हीच शिकवता न?"

तेवढ्यात तिसऱ्या बाकावरचा एकजण भोवळ येऊन खाली पडला.

"पाहा!" सर म्हणाले.

*

आणि मग प्राचीचा पेपर.

प्राचीच्या आईचं इतवारीत भांड्यांचं दुकान. मुलगी हुशार, पण बोलायची कमी. क्लासच्या टेस्टमध्ये प्रश्न होता : उत्प्रेरक वापरला तर समतोल झाल्यावर इथेनॉल जास्त मिळेल का? प्राचीनं 'नाही' लिहिलं. उत्तर बरोबर होतं. पण गावंडे सरांनी गाजावाजा करून आणलेल्या नव्या स्टार सरांच्या आन्सर-कीमध्ये 'होय' होतं. तिचा मार्क कापला, वर निगेटिव्ह मार्किंग, आणि तेवढ्यावरून पहिल्या बॅचमधून तिची रवानगी शेवटच्या बॅचमध्ये!

मी दोनदा सांगून पाहिलं. "शंभरातल्या नव्वद पोट्ट्यांनी 'होय' लिहिलं. नव्वद चूक कसे?" हे गावंडे सरांचं उत्तर. प्राची दोन दिवस क्लासला आली नाही. वर्गात तिची रिकामी जागा पाहून मला माझीच लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी तिची आई तिला घेऊन थेट केबिनमध्ये आली. मीही मागोमाग आत गेलो.

"ताई, एका मार्कासाठी काहून भांडून राहिल्या?"

"भांडत नाही, सर." तिनं पेपर टेबलावर ठेवला. "मार्क ठेवा तुमच्याचपाशी. मले तर केमिस्ट्री येत नाही. फक्त इथं लिहून द्या का माही पोरगी चुकली. खाली तुमची सही, क्लासचा शिक्का."

गावंडे सरांनी रुबाबात पेनाचं टोपण काढलं. पेपरवर पेन टेकवलं. उचललं. पुन्हा टेकवलं. स्टार सर दाराशी होते, ते फोन आल्यासारखं करून बाहेर सटकले.

मग गावंडे सर माझ्याकडे झुकले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "सर, ते इथेनॉल... जास्त बनते का नाही बनत?"

मी तोंड उघडायच्या आत प्राचीच म्हणाली, "नाही बनत, सर. फक्त लवकर बनते."