तेलातला फेस

स्टेअरिंगच्या तेलाचं झाकण उघडलं, तर आत दुधासारखा फेस. डाळिंबाच्या बागेत चालणारा आमचा छोटा ट्रॅक्टर दोन दिवसांपासून वळताना कण्हतोय. "तुमच्यासारखंच झालंय त्याचं," फवारणीला निघालेली बायको म्हणाली, "वळायचं म्हटलं की कुरकुर."

मला हसू आलं नाही. तेलाच्या दाबानं चाक वळतं. तेलात हवा शिरली की सगळा जोर बुडबुड्यांतच जिरतो. माणसात राग शिरला की तेच होतं. ट्रॅक्टर घेताना मी टायर ठोकून पाहिले, इंजिनाचा आवाज ऐकला, घासाघीस करून विकणाऱ्याला घाम फोडला. स्टेअरिंग मात्र चालत्या ट्रॅक्टरवर फिरवून पाहिलं. चालताना ते हलकंच लागतं. उभ्यावर फिरवायला हवं होतं. सौद्यात कधी न हरलेल्या मला त्या विकणाऱ्यानं फसवलं.

"फवाऱ्याच्या टाकीत औषध कालवलंय, वाया जाईल. एवढी एक ओळ उरकते," ट्रॅक्टरवर चढत ती म्हणाली. मी नुसतं "हं" म्हणालो असेन, कारण तोवर विकणाऱ्याला फोन लावून मी ओरडत होतो, "हे धूड माझ्या गळ्यात मारलंस काय!"

ओळीच्या टोकाला शेततळं आहे, प्लॅस्टिक अंथरलेलं, निसरडं. आत पडलेल्याला वर येता येत नाही. तिकडून स्टेअरिंगचा पंप कण्हल्याचा आवाज आला, मग ब्रेकचा.

मी धावलो. पुढचं एक चाक काठाबाहेर लोंबकळत होतं. स्टेअरिंग दोन्ही हातांनी आवळून ती म्हणाली, "वळलाच नाही हो."

माझ्या कानाला अजून फोनच होता.